आधी पांदण, मग महामार्ग



नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. डिसेंबर 2022 मध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला, जून 2025 मध्ये शेवटचा. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा या कापसाच्या मुलखातून तो जातो. त्यावर ना बैलबंडी चालते, ना ट्रॅक्टर, ना फटफटी. आम्ही महामार्गाच्या विरोधात नाही. माल लांबच्या बाजारात लवकर पोचावा, हे आम्हालाही हवेच आहे. प्रश्न एवढाच, की शेतातून त्या रस्त्यापर्यंत जायचे कसे?

काळ्या जमिनीत ऑक्टोबरचा एक पाऊस झाला की पांदणीत बंडीचे चाक आसापर्यंत रुतते. वेचलेला कापूस डोक्यावरून काढावा लागतो, नाही तर तिथेच भिजतो. ज्वारीचे, कडब्याचे तेच. वेचणीच्या बाया आता ऑटोने येतात. ऑटो डांबरावरच थांबतो. थ्रेशरही तिथेच थांबतो. मग दारात आलेला खेडा व्यापारी भाव सांगताना वाहतूक आधीच कापून घेतो. ज्याला बाजारात जाता येत नाही, त्याला पडेल भावाला ‘नाही’ म्हणता येत नाही.

अर्थात नुसत्या डांबरानेही भागत नाही. 1972 साली एकाधिकार कापूस खरेदी आली, तेव्हा रस्ते राज्याबाहेर जात होते, पण आपला कापूस जाऊ शकत नव्हता. रस्ता होता, मोकळीक नव्हती. आता मोकळीक आहे, तर शेतातून वाट नाही.

कायदा नवा नको. 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करू शकतो. महसूल संहितेच्या कलम 143 ने बांधावरून रस्ता मागता येतो. 2025 मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्यावर घेण्याचा निर्णयही निघाला. पण नांगराच्या एकेका तासाने पांदणी अरुंद झाल्या, हे गावोगाव ठाऊक आहे. तिथे दोन्ही बाजूंनी सारखेच मागे सरले पाहिजे. भावकीची कोर्टबाजी पिढीभर पुरते, पांदण होत नाही.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने बंद पांदणींची यादी आणावी. मोजणी आणि हद्दीचे दगड सरकारकडून एकत्र मागू. मुरूम, खडी, नाल्यावरची मोरी हे सरकारचे देणे आहे. जागा मोकळी करणे गावाचे काम. पेरणीआधी दोन्ही व्हावे.