यजमान कोण?

या फेब्रुवारीत तीन धर्मांचे उपास एकाच आठवड्यात आले आहेत. १५ तारखेला महाशिवरात्र, १८ तारखेला ख्रिस्ती उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार आणि त्याच सुमारास, चंद्रदर्शनानुसार एखादा दिवस इकडेतिकडे, रमजानचा पहिला रोजा. न्यू जर्सीतल्या ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानांत साबुदाणा आणि खजूर एकाच वेळी दर्शनी फळीवर येतील. आयसेलिनच्या परिसरात बायकांचे गट चालवणाऱ्या आपल्यासारख्यांच्या डोक्यात अशा वेळी एक कल्पना हमखास येते : तिन्ही धर्मांच्या बायकांना एकत्र बसवून उपासावर बोलायचं, शेवटी सगळ्यांनी मिळून जेवायचं आणि फोटो काढायचा.

कल्पना वाईट नाही. पण कार्यक्रम ठरवायला बसलात की पहिला प्रश्न विषयाचा किंवा वक्त्याचा नसावा. हॉल कोणाचा, बोलावणं कोणाचं आणि स्वयंपाकघराच्या चाव्या कोणाकडे, हे आधी विचारा. आंतरधर्मीय शिक्षणाचे बहुतेक प्रयोग याच ठिकाणी फसतात आणि फसले हे आयोजकांना कळतही नाही, कारण आलेल्या पाहुण्या सभ्यपणे हसून, छान झालं म्हणून घरी जातात.

रथसप्तमी नुकतीच होऊन गेली. आपल्या ओळखीच्या मंडळांत हळदीकुंकू झालं, काही ठिकाणी रत्नागिरीकडची मुस्लिम मैत्रीण किंवा वसईची ख्रिस्ती मैत्रीणही आली असेल. तिला वाण मिळालं, तिळगूळ मिळाला. ती घरी मराठीच बोलते, तिच्या आईच्या तोंडी म्हणी मराठीच होत्या. तरीही मराठी म्हणून होणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमात ती पाहुणीच असते. गणपती, संक्रांत, मंगळागौर, दिवाळी पहाट : वर्षभराच्या कॅलेंडरात एकदाही तिच्या घरी जायची पाळी येत नाही. अमेरिकेत आपण अल्पसंख्य आहोत हे आपण उठताबसता सांगतो. ओक ट्री रोडवर आपण बहुसंख्य आहोत, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

युरोपातल्या काही बायकांनी हा प्रश्न फार आधी ओळखला. झुरिकला काम करणाऱ्या राइनहिल्ड ट्राइटलर आणि मूळच्या लेबनॉनमधल्या आर्मेनियन टेनी पिरी-सिमोनियन यांच्या पुढाकाराने या शतकाच्या सुरुवातीला ‘युरोपियन प्रोजेक्ट फॉर इंटररिलिजियस लर्निंग’ उभा राहिला. त्यात ख्रिस्ती आणि मुस्लिम पार्श्वभूमीच्या बायका एकत्र शिकत. पार्श्वभूमीच्या, हे महत्त्वाचं, म्हणजे कोण रोज प्रार्थना करते आणि कोण अजिबात करत नाही याची हजेरी दाराशी घ्यायची नाही. पण त्यातली खरी युक्ती अभ्यासक्रमाच्या फिरतीत होती. गट एका शहरात ठाण मांडून बसत नसे. झुरिकसारख्या शहरात मुस्लिम बाई पाहुणी. साराजेव्होत तीच बहुसंख्यांच्या बाजूला, आणि तिथे १९९२ ते १९९६ चा वेढा सोसलेल्या शहरात ‘युरोप म्हणजे ख्रिस्ती’ हे गृहीतक घेऊन आलेल्या बाईला ते आपोआप खाली ठेवावं लागतं. बैरूतमध्ये तर कोण बहुसंख्य हा प्रश्नच धोक्याचा. वाचून किंवा व्याख्यान ऐकून जे होत नाही ते यजमानपण बदलल्याने होतं. पुढे २००९ मध्ये स्वित्झर्लंडने सार्वमताने मशिदींच्या नव्या मिनारांवर बंदी घातली. एका देशात बसून केलेल्या सौजन्याच्या गप्पांना किती मर्यादा असतात, हे त्यातून दिसलं.

इतकं लांब जायचीही गरज नाही. २०१० मध्ये आपल्याच मध्य न्यू जर्सीत शेरिल ओलिट्झ्की आणि आतिया आफताब या दोघींनी ज्यू आणि मुस्लिम बायकांचं ‘सिस्टरहूड ऑफ सलाम शालोम’ सुरू केलं. दोन्ही बाजूंच्या बायकांची संख्या सारखी, प्रत्येक गटाला एक ज्यू आणि एक मुस्लिम अशा दोन प्रमुख, भेटी एकमेकींच्या घरी. इस्रायल-पॅलेस्टाइन हा विषय मात्र ओळखी पक्क्या होईपर्यंत लांबणीवर. या शेवटच्या नियमावर खूप टीका झाली, आणि ती पूर्ण चुकीची म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर देशभरातल्या अशा ज्यू-मुस्लिम गटांवर जो ताण आला त्यात लांबणीवर टाकलेलं बोलणं एकदम अंगावर आलं. तरी सारखी संख्या आणि आळीपाळीने घर हा भाग आम्हाला आजही पटतो. प्रमुख दोघी असणं तर अनिवार्यच मानावं.

आता आपल्या इतिहासाकडे. आयसेलिनपासून दहा मैलांच्या आत रोझेल आहे. ४ जून १८८३ रोजी न्यू यॉर्कला उतरलेल्या आनंदीबाई जोशी तिथेच थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या. त्या घराची वाट ज्या कागदातून निघाली तोही न्यू जर्सीचाच. कोल्हापुरात काम केलेले मिशनरी वाइल्डर प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ काढत. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांनी त्यांच्याकडे मदत मागितली, तेव्हा धर्मांतर केलंत तर बघू असा वाइल्डरांचा रोख होता. पत्रव्यवहार मासिकात छापला गेला, कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला आणि त्यांनी आपणहून, कोणतीही अट न घालता पत्र लिहिलं. पुढची काही वर्षं या दोघी एकमेकींना न पाहता लिहीत राहिल्या : हिंदू चालीरीती, धर्म, बालविवाह, बायकांचं आरोग्य. आनंदीबाई विशीच्या आतल्या. त्यांनी आपली बाजू मांडली, कधी तिचं समर्थन केलं, शंकाही विचारल्या. निघण्यापूर्वी फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूरच्या भाषणात हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं त्यांनी जाहीर केलं होतं. कार्पेंटरबाईंच्या घरात त्या शब्दाला धक्का लागला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात आनंदीबाई गेल्या, आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाने पोकीप्सीच्या आपल्या दफनभूमीत ठेवल्या.

त्याच वर्षी, १८८३ मध्येच, पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात होत्या. २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे त्या तर यजमानांच्या धर्मातच आल्या, वाद संपायला हवा होता. पण खरा वाद तिथून सुरू झाला. मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि त्यांच्यातली पत्रं १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. ती आपल्यासारख्या प्रत्येक संयोजिकेने वाचायला हवीत. रमाबाई अंडं घातलेलं पुडिंग खात नाहीत, याचा अर्थ मठात जातीचा अहंकार असा लावला गेला. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं तर तो हट्ट ठरला. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये यावर बिशपांनी मतं दिली. जेराल्डिन प्रेमळ होत्या, रमाबाईंवर त्यांचा जीव होता, यात शंका नाही. तरीही एक बाई कायमची शिक्षिका आणि दुसरी कायमची विद्यार्थिनी, हे नातं दोघींनाही जड गेलं. रोझेलच्या घरात मात्र कार्पेंटरबाईच हिंदू धर्माबद्दल विचारत होत्या आणि सांगण्याचं काम आनंदीबाईंकडे होतं. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला आल्या. एकीला वाँटेज मिळालं, दुसरीला रोझेल, आणि दोघी त्या दिवशी एका सभागृहात होत्या.

रमाबाई पुढे स्वतः यजमान झाल्या. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, नंतर ते पुण्याला आलं. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं वचन दिलेलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठलं, रानडे आणि भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. ‘केसरी’ने जो गहजब केला तो बराचसा दुष्टपणाचा होता. रमाबाईंनी कोणावर सक्ती केली नाही हेही खरं; गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, धर्म न बदलता तिथून शिकून बाहेर पडल्या. पण आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने पाहिलं तर उघड्या दाराचा प्रश्न उरतोच. जिचं जेवण, छप्पर आणि भविष्य तुमच्या हातात आहे ती तुमच्या प्रार्थनेला स्वखुशीने आली असं म्हणणं इतकं सोपं नाही. चर्चच्या तळघरात नव्याने आलेल्या बायकांना इंग्रजी शिकवणाऱ्या वाचकांनी आणि निवारागृहांत काम करणाऱ्यांनी हे स्वतःला विचारावं. तसंच मंडळाच्या देवघरासमोर सत्कार करून ‘आमच्यात धर्माचं काही नसतं’ म्हणणाऱ्यांनीही.

न्यू जर्सीत १९८५ पासून मारहाण झालेल्या दक्षिण आशियाई बायकांसाठी ‘मानवी’ ही संस्था काम करत आली आहे. तिथे धर्म हा चर्चेचा विषय नसतो, पण तो येतोच : फ्रीजमध्ये हलाल मांस कुठे, शाकाहारी भांडी कुठली, देवाचा फोटो कुठल्या भिंतीला. असल्या जागी होणारं शिक्षण आम्हाला व्यासपीठावरच्या शिक्षणापेक्षा जास्त खरं वाटतं. कारण तिथे निर्णय घ्यावा लागतो.

आणि आता अवघड गोष्ट. १४ ऑगस्ट २०२२ रोजी एडिसन-वूडब्रिजच्या भारत दिन मिरवणुकीत, याच आपल्या रस्त्यावर, नरेंद्र मोदी आणि योगी आदित्यनाथ यांची चित्रं लावलेला बुलडोझर चालवला गेला. भारतात मुस्लिमांची घरं पाडण्याचं जे चिन्ह झालं होतं ते इथल्या मुस्लिम बायकांनी आपल्या मुलांसोबत फुटपाथवरून पाहिलं. निषेध झाला, आयोजक संघटनेने नंतर लेखी माफी मागितली. त्यानंतर या भागातल्या किती हिंदू-मुस्लिम महिला गटांत यावर मोकळेपणाने बोलणं झालं? आमच्या कानावर आलं ते एवढंच की राजकारण नको म्हणून विषय टाळला. हा टाळण्याचा हक्क यजमानाला असतो, पाहुणीला नाही. ती तर तो रस्ता रोज ओलांडून किराणा आणायला जाते. सलाम शालोमच्या नियमाची चेष्टा करण्याआधी आपण आपला बुलडोझर किती वर्षं लांबणीवर टाकला, हे मोजावं.

म्हणून या वर्षी एकत्र फराळाचा बेत असेल तर आमचं मत सरळ आहे : आपल्या हॉलमध्ये इफ्तार घालू नका. एखाद्या मुस्लिम मैत्रिणीने बोलावलं तर जा, तिच्या घरच्या पद्धतीने बसा, आणि बोलावणं आलं नाही तर ते का आलं नाही यावर तुमच्या गटात एक बैठक घ्या. वसईच्या मैत्रिणीकडून उपवासकाळ समजून घ्यायचा तर तिच्या पॅरिशमध्ये, तिच्या सोयीच्या दिवशी.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. फेब्रुवारीच्या शेवटी इथे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो; मेट्रोपार्क स्टेशनवर त्यानंतर उतरणाऱ्या बायका रोजा ट्रेनमध्येच सोडतात, तेव्हा सातच्या कार्यक्रमाला इफ्तार म्हणू नये. ८ मार्चला महिला दिन आहे आणि त्याच पहाटे घड्याळं एक तास पुढे जातील. त्या संध्याकाळी रोजा सातच्या जरा आधी सुटेल. उपवासकाळातल्या शुक्रवारी कॅथलिक बायका मांस खात नाहीत, त्यामुळे बिर्याणीचा दिवस शनिवार ठेवा, आणि बिर्याणी कोणाकडे करायची ते तुम्ही एकट्याने ठरवू नका.