विश्लेषण : माउंटन बाइकचे परीक्षण नेमके कोणासाठी?

महागडी सायकल घेण्याआधी आपण मोबाइलवर दोन-चार परीक्षणे वाचतो, व्हिडीओ पाहतो. पण ते परीक्षण करणाऱ्याला पैसे कोण देते, हा प्रश्न क्वचितच विचारतो. माउंटन बाइकच्या उद्योगात गेल्या काही वर्षांत जे घडले, ते पाहता हा प्रश्न विचारायलाच हवा.

सुरुवात कशी झाली?

माउंटन बाइक मोठ्या कारखान्यात जन्मली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत काही तरुण जुन्या, जड सायकली डोंगर उतारावरून पिटाळत. १९७६ मध्ये तिथे ‘रीपॅक’ शर्यती सुरू झाल्या. उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि पुन्हा भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी अशा उतारांसाठीच खास फ्रेम बनवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची यांच्या फ्रेमवर उभ्या केलेल्या सायकली विकायला सुरुवात केली.

माध्यमे कधी आली?

लगेचच. १९८० मध्ये ‘फॅट टायर फ्लायर’ हे छोटे नियतकालिक निघाले. ते चालवणाऱ्यांत चार्ली केलीही होते. म्हणजे हितसंबंधांची सरमिसळ पहिल्या दिवसापासून होती. फरक इतकाच, की लिहिणारा कोण आणि त्याचे दुकान कोणते, हे वाचकाला ठाऊक होते.

मोठ्या कंपन्यांनी काय बदलले?

१९८१ मध्ये स्पेशलाइज्डने जपानमध्ये बनवून घेतलेली ‘स्टम्पजम्पर’ बाजारात आणली. पुढे तैवान हे उत्पादनाचे मोठे केंद्र झाले. यामुळे माउंटन बाइक सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली, हे मान्यच करायला हवे. मात्र जाहिरात देणारी आणि परीक्षणासाठी सायकल पाठवणारी कंपनी एकच असू लागली. अशा वेळी उणिवा स्पष्ट लिहिणे अवघड होते.

करोनानंतर काय झाले?

२०२० मध्ये सायकलींची मागणी अचानक वाढली. कंपन्यांनी भरमसाट मागण्या नोंदवल्या. माल पोहोचेपर्यंत लाट ओसरली आणि गोदामे भरून राहिली. याच काळात ‘कोना’ ही १९८८ पासूनची कंपनी २०२२ मध्ये एका मोठ्या समूहाने घेतली; २०२४ मध्ये मूळ संस्थापकांनीच ती परत विकत घेतली. माध्यमांतही तेच झाले. ‘आउटसाइड’ने २०२१ मध्ये ‘पिंकबाइक’ आणि ‘सायक्लिंगटिप्स’ ताब्यात घेतल्या. पुढच्याच वर्षी ‘सायक्लिंगटिप्स’मध्ये मोठी नोकरकपात झाली. तिथून बाहेर पडलेल्या पत्रकारांनी २०२३ मध्ये वाचकांच्या वर्गणीवर चालणारे ‘एस्केप कलेक्टिव्ह’ सुरू केले.

याचा आपल्याशी संबंध काय?

आपल्याकडे जाड टायर आणि पुढे शॉकअ‍ॅब्सॉर्बर असलेली सायकल सर्रास ‘एमटीबी’ म्हणून विकली जाते. बहुतेक जण ती डांबरी रस्त्यावरच चालवतात. स्वस्त शॉकअ‍ॅब्सॉर्बरमुळे वजन वाढते, चढावर दम लागतो आणि सहा महिन्यांत सायकल जिन्याखाली धूळ खात पडते. ‘तुम्हाला याची गरज नाही’ हे सांगणारा कोणी हवा असतो; पण ते सांगून विक्रेत्याचा फायदा होत नाही आणि जाहिरातदारही खूश होत नाही.

म्हणून परीक्षण फुकट वाचतानाही एक हिशेब ध्यानात ठेवावा : त्याची किंमत कोणीतरी मोजलेली असतेच. ती वाचकाने मोजली, तर लिहिणारा वाचकाशी बांधील राहतो. ते शक्य नसेल, तर खरेदीआधी ती सायकल वर्षभर चालवलेल्या एखाद्याला गाठावे. त्याला विकायचे काहीच नसते.