पुरावा आणि पेरणी

यंदाच्या आमच्या वादविवाद सभेचा विषय होता, 'पुराव्याविना विश्वास ही अंधश्रद्धाच'. मी विरुद्ध बाजूने बोलले आणि हरले. तेव्हा जे नीट मांडता आले नाही, ते इथे मांडते.

अनुकूल बाजूने इतिहासाचार्य राजवाड्यांचा दाखला दिला. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, त्यामुळे भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पाटीवरून रोजचे जाणे-येणे. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापलेल्या या संस्थेत अस्सल कागदाविना शब्दाला किंमत नाही, हे खरेच. पण ते कागद मिळाले कसे? राजवाडे गावोगाव हिंडले, जुन्या घरांतली दप्तरे धुंडाळली. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड निघाले. पुढच्या गावी दप्तर सापडेलच, याचा पुरावा त्यांच्याजवळ होता काय? पुराव्याचा एवढा आग्रही माणूस, पण पहिले पाऊल त्यालाही पुराव्याविनाच टाकावे लागले!

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. अण्णांनी दुभती म्हैस विकून फी भरली, तेव्हा चुलत्यांनी विचारले, "पोरगी शिकून नोकरीला लागंल कशावरनं?" अण्णा म्हणाले, "पेरताना पाऊस तरी कुठं लिहून देतो?"

मग पावसासाठी बुवाला पैसे देणारे आणि अण्णा सारखेच का? नाही. पाऊस आला तर श्रेय बुवाचे, न आला तर पाप गावाचे. हा विश्वास कधी चुकतच नाही, आणि नेमकी तीच त्याची खोट! अण्णा वाफसा बघून पेरतात, दुबार पेरणीसाठी चार पायली बी राखून ठेवतात. आपण चुकू शकतो, हे त्यांना ठाऊक असते. राजवाड्यांनाही रित्या हाताने परतणे चुकले नसेल; पण म्हणून नसलेला कागद सापडला असे म्हणता येत नाही.

तेव्हा पुराव्याआधी विश्वास ठेवणे ही अंधश्रद्धा नव्हे. विरुद्ध पुरावा समोर आल्यावरही डोळे मिटून घेणे, ही अंधश्रद्धा.

अण्णांचा विश्वास खरा ठरेल, याचा पुरावा आज माझ्याजवळही नाही. पेरणी त्यांनी केली. निंदणी-खुरपणी मात्र माझ्या हाती आहे.