संगणक मोडीत काढण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या अधिकृत पाठबळाची मुदत संपली, आणि विंडोज ११ साठी प्रोसेसरच्या ज्या पिढ्या मुक्रर झाल्या त्यांत न बसणारी, एरवी ठणठणीत असलेली असंख्य यंत्रे एका फर्मानासरशी निकामी ठरली. हिंजवडीच्या नोकरदारांनी गजबजलेल्या आमच्या पुण्यातल्या बावधनात तरी, अख्खे यंत्र भंगारात देण्याअगोदर केवळ प्रोसेसर पालटण्याची तजवीज होऊ शकते काय, हे पाहिले जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्याला ही कल्पना नवी नाही. १९८८ साली इथेच स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर आधारलेला परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला, आणि पुढे परम ८६०० मध्ये त्याच ट्रान्सप्युटरांच्या जोडीला इंटेलचे आय ८६० प्रोसेसर बसवून त्याचे सामर्थ्य वाढवले.

घरगुती यंत्रात मात्र सॉकेटाचा, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खाचेचा, आकडा जुळला म्हणजे सोयरीक जमली असे नव्हे. इंटेलच्या ११५१ सॉकेटाच्या जुन्या मदरबोर्डांवर आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही, तर एएमडीच्या एएम४ सॉकेटाच्या २०१७ मधील कित्येक बोर्डांवर २०२० चा रायझन ५००० सुखेनैव चालतो, पण त्यासाठी बायोस अद्ययावत असावा लागतो, आणि ते काम जुना प्रोसेसर जागेवर असतानाच उरकावे, कारण नंतर पडद्यावर काहीच उमटत नाही. एएम४ मध्ये खरा घात होतो तो कूलर उपटताना. दोहोंमधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटातून उखडला जातो आणि पिना वाकतात. म्हणून आधी यंत्र थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करावी, मग वीज तोडून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सुटा करावा. नवा प्रोसेसर त्रिकोणाची खूण जुळवून नुसता ठेवावा, दाबू नये. तो आपल्या वजनाने खाली बसत नसेल, तर दिशा चुकली आहे किंवा पीन वाकली आहे.

बहुतेक लॅपटॉपांत मात्र प्रोसेसर बोर्डावर डाग देऊन कायमचा जखडलेला असतो, आणि ही सोय मुख्यतः निर्मात्याची आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले खरे, परंतु जखडलेला भाग पोर्टलाने सुटत नाही. तेव्हा नवे यंत्र घेताना प्रोसेसर सॉकेटात आहे की डाग दिलेला, हे दुकानदाराला आधी विचारावे आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.