भुंगेऱ्याच्या नावाचे मोल

कोलकात्याच्या सियालदह स्थानकातून डानकुनीकडे जाणारी लोकल गाडी वाटेत बारानगर रोड या स्थानकावर थांबते. याच बारानगर भागात भारतीय सांख्यिकी संस्था आहे. संस्थेच्या भूविज्ञान संग्रहालयात सुमारे १४ मीटर लांबीच्या एका डायनासोरचा सांगाडा उभा केलेला आहे. बारापासॉरस टागोराय हे त्याचे शास्त्रीय नाव. बंगालीत ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय. त्याच्या मांडीचे हाडच सुमारे १.७ मीटर लांब असल्याने हे नाव त्याला शोभते. ‘टागोराय’ हा शब्द रवींद्रनाथ टागोरांच्या स्मरणार्थ जोडलेला आहे. कारण १९६१ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष होते आणि त्याच सुमारास ही हाडे खोदून काढण्याचे काम चालू होते. ती सापडली महाराष्ट्राच्या सिरोंचा तालुक्याला लागून असलेल्या तत्कालीन आदिलाबाद जिल्ह्यात, पोचमपल्ली गावाजवळ. १९७५ साली त्यांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि एका अनामिक प्राण्याला जगाच्या ज्ञानात कायमचे स्थान मिळाले.

ज्या खडकांत ही हाडे होती, त्यांना भूवैज्ञानिक ‘कोटा’ थर म्हणतात. हे नाव गडचिरोली जिल्ह्यात प्राणहितेच्या काठी वसलेल्या कोटा या गावावरून पडले. या थरांत डायनासोरांबरोबरच मासे आणि कीटक यांचेही जीवाश्म मिळाले आहेत, आणि त्या कीटकांत भुंगेरेही आहेत. डायनासोरसाठी दालन उभे राहते, शाळांच्या सहली तेथे जातात. नखाएवढ्या भुंगेऱ्यासाठी मात्र कोणी थांबत नाही. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हण आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. पण जीवसृष्टीच्या इतिहासाकडे पाहताना ती सहसा कोणाला आठवत नाही.

भुंगेरे म्हणजे नेमके कोण? काजवा हा भुंगेराच आहे. उसाची मुळे कुरतडणारी हुमणी ही भुंगेऱ्याची अळी आहे. साठवलेल्या धान्यातील सोंडे, नारळाच्या झाडावरील गेंड्या भुंगा, पिकावरील मावा खाऊन शेतकऱ्याचे काम हलके करणारा ढालकिडा, हे सारे एकाच गणातील. आजवर भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जीवजातींची नोंद झाली असून, नाव मिळालेल्या एकूण प्राण्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश प्राणी भुंगेरेच आहेत. डायनासोर अवतरले त्याच्या कोट्यवधी वर्षे आधी भुंगेरे पृथ्वीवर आले होते आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी महाकाय डायनासोर नष्ट झाल्यावरही ते टिकून राहिले. एवढ्या मोठ्या उलथापालथीतून कोण तरले आणि कसे तरले हे समजून घ्यायचे असेल, तर त्या काळच्या भुंगेऱ्यांची ओळख पटवणे आवश्यक ठरते.

या कामाचा एक जुना आणि महत्त्वाचा अध्याय नागपूरशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोन स्कॉटिश मिशनरी नागपुरात राहत होते. त्यांना परिसरातील खडकांचा ध्यास लागला. नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला, एकेकाळच्या तळ्यातील गाळाचा थर त्यांना आढळला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगाई, फळे, बिया आणि कीटकांचे अवशेष होते. १८५५ साली या दोघांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील निबंध लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे १८६० साली अँड्र्यू मरे या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने नागपूरच्या या कीटकांचे वर्णन केले. भुंगेऱ्याचे पुढचे पंख कठीण झालेले असतात आणि ढालीसारखे पाठीवर बसतात. शरीर कुजून गेले तरी हे पंख पुष्कळदा टिकतात. मरे यांच्यापुढे मुख्यतः असेच पंख होते. त्यांवरील रेघा, ठिपके आणि कडा पारखून त्यांनी दोन नावे दिली: लोमॅटस हिस्लोपी आणि मेरिस्टोस हंटेरी. नागपूरच्या मातीतील दोन भुंगेरे अशा रीतीने आपल्या संशोधकांची नावे घेऊन विज्ञानात दाखल झाले.

त्या वेळी हे थर डायनासोरांच्या नंतरच्या काळातील आहेत, असे हिस्लॉप यांचे मत होते. पुढील संशोधनाने दख्खनच्या लाव्हाचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे असल्याचे दाखवले आणि नागपूर परिसरातील असे थर आता डायनासोरांच्या युगाच्या अखेरीचे मानले जातात. म्हणजे ज्वालामुखीच्या एका उद्रेकानंतर लाव्हा थंड झाला, त्यावर तळी साचली, झाडे उगवली, भुंगेरे उडू लागले आणि मग पुन्हा लाव्हाने सारे झाकून टाकले. ते भुंगेरे महाविनाशाच्या उंबरठ्यावरचे साक्षीदार होते, हे मरे यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही त्यांचे काम वाया गेले नाही. वर्णन लिहिलेले होते, चित्रे काढलेली होती, नाव दिलेले होते. थरांचे वय बदलले, तेव्हा त्या नोंदींचा अर्थ आपोआप अधिक खोल झाला.

नाव देणे म्हणजे बारसे करून पेढे वाटणे नव्हे. प्राण्यांच्या नामकरणासाठी जगभर एकच नियमावली पाळली जाते आणि लिनीअस यांच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून या नावांचा आरंभ मानला जातो. दगडात किंवा राळेत सापडलेला भुंगेरा आधी स्वच्छ करावा लागतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या मिशांचे पेर मोजले जातात, पायांची रचना पाहिली जाते, पंखांवरील खोबणी न्याहाळल्या जातात. त्यानंतर आतापर्यंत वर्णन झालेल्या जवळच्या प्रत्येक जातीशी त्याची तुलना केली जाते. तो खरोखर निराळा आहे अशी खात्री झाली, म्हणजे त्याचे वर्णन प्रसिद्ध केले जाते. या वेळी एक नमुना त्या नावाचा आधार म्हणून निश्चित करावा लागतो. २००० सालापासून तर असा नमुना ठरवणे आणि तो कोणत्या संग्रहात राहणार हे सांगणे नव्या जातीसाठी बंधनकारक झाले आहे. पुढे शंका उपस्थित झाली, तर कोणालाही तोच दगड पुन्हा तपासता यावा, हा यामागील हेतू होय. ज्या नावामागे तपासता येणारा नमुना नाही, ते नाव साक्षीदार नसलेल्या दस्तासारखे असते.

अशा चिकाटीच्या निरीक्षणातून किती मोठे सत्य हाती लागते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. म्यानमारच्या काचिन प्रांतातील अंबर, म्हणजे झाडाची घट्ट झालेली प्राचीन राळ, सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांची आहे. त्यात अडकलेल्या एका भुंगेऱ्याचे वर्णन २०१९ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला अँजिमॉर्डेला बर्मिटिना हे नाव मिळाले. त्याच्या अंगावर फुलांचे ६२ परागकण चिकटलेले होते. डायनासोर वावरत होते तेव्हाच कीटक फुलांचे परागण करू लागले होते, याचा प्रत्यक्ष पुरावा त्या इवल्याशा देहाने दिला. दुसरे उदाहरण पोलंडचे. सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीच्या एका जीवाश्म विष्ठेत शास्त्रज्ञांना क्ष-किरणांच्या साहाय्याने दीड मिलिमीटरच्या आसपासचे भुंगेरे जवळजवळ अखंड स्थितीत दिसले. २०२१ साली त्यांना ट्रायामिक्सा कोप्रोलिथिका हे नाव देण्यात आले. ती विष्ठा डायनासोरांच्या एका जवळच्या नातलगाची असावी, असे संशोधकांचे मत आहे. कोणी कोणाला खाल्ले, हे हाडांपेक्षा या भुंगेऱ्यांनीच अधिक स्पष्टपणे सांगितले.

तरीही एक प्रश्न विचारला जातो आणि तो अप्रामाणिक नाही. पोटापाण्याच्या विवंचनेत असलेल्या देशाने मेलेल्या भुंगेऱ्यांना नावे देण्यात पैसा आणि बुद्धी का खर्च करावी? याचे उत्तर शेतात सापडते. हुमणी आणि ढालकिडा यांत फरक करता आला नाही, तर शेतकरी शत्रूबरोबर मित्रालाही मारून टाकतो. आजच्या कीटकांची ओळख ज्या कसोट्यांनी पटते, त्याच कसोट्यांनी जीवाश्मांचीही पटते. कोणता भुंगेरा कोणाचा नातलग, हे त्यांच्या पूर्वजांवाचून नीट उलगडत नाही. ही विद्या एकदा खंडित झाली, तर ती पैसे मोजून रातोरात परत आणता येत नाही. कारण ती गुरूकडून शिष्याकडे आणि संग्रहाकडून अभ्यासकाकडे संक्रमित होत असते.

म्हणूनच खरा प्रश्न नावाचा नसून नमुना सांभाळण्याचा आहे. हिस्लॉप यांनी जमवलेले अनेक जीवाश्म लंडनला गेले आणि तेथील निसर्गविज्ञान संग्रहालयात राहिले. ते परदेशी गेले याची खंत वाटणे स्वाभाविक आहे, कारण नागपूरच्या विद्यार्थ्याला आपल्याच गावचा दगड पाहण्यासाठी समुद्रापार जावे लागते. मात्र ते जपले गेले, हेही मान्य केले पाहिजे. टाकळी आता नागपूर शहराच्या पोटात आली आहे. जेथे तळ्याचा गाळ उघडा होता, तेथे घरे आणि रस्ते आहेत. उघडा पडलेला थर एकदा झाकला गेला किंवा फोडून खडीत मिसळला गेला, की त्यातील साक्ष कायमची जाते. संग्रहालयेही आपोआप सुरक्षित राहत नाहीत. २०१६ साली दिल्लीच्या राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालयाला आग लागून त्याचा संग्रह नष्ट झाला. २०१८ साली ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयातील आगीत कीटकांचा प्रचंड साठा भस्मसात झाला.

बाजार हा आणखी एक धोका. काचिनमधील अंबराच्या खाणींभोवती सशस्त्र संघर्ष पेटलेला असताना तेथील खडे परदेशी बाजारात विकले जात राहिले. २०२० साली पृष्ठवंशी प्राण्यांच्या जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने याविषयी जाहीर चिंता व्यक्त केली. ज्या दगडासाठी माणसाचे रक्त सांडले असेल, त्यातील भुंगेऱ्याचे नाव कितीही सुंदर असले तरी ते निष्कलंक राहत नाही. शिवाय असा खडा खासगी कपाटात गेला, तर त्यावरील संशोधन पुन्हा तपासण्याचा मार्गच बंद होतो. जीवाश्म ही विक्रीची वस्तू मानली, की तिच्यातील ज्ञान ग्राहकाच्या मर्जीवर अवलंबून राहते.

भारताजवळ या कामाची परंपरा आहे. सियालदहपासून काही किलोमीटरच्या परिसरात १८१४ साली स्थापन झालेले भारतीय संग्रहालय, १८५१ पासून कार्यरत असलेले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि १९१६ साली सुरू झालेले भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्था आहेत. भूवारसा जपण्यासाठीच्या कायद्याचा मसुदा २०२२ साली लोकांपुढे ठेवण्यात आला, तेव्हा संशोधकांनी त्यावर आक्षेपही नोंदवले. कायदा कसा असावा यावर मतभेद असू शकतात; पण जीवाश्म जेथे सापडतो त्या जिल्ह्यातच त्याची नोंद व्हावी, नाव मिळालेला नमुना सार्वजनिक संग्रहात राहावा आणि त्याची चित्रे सर्वांना पाहता यावीत, यावर दुमत होण्याचे कारण नाही. सिरोंचाजवळील वडधम येथील जीवाश्म उद्यानासारखे प्रयत्न म्हणूनच मोलाचे आहेत. तेथे आदिवासी पाड्यातील मुलाला आपल्या गावच्या दगडाचा इतिहास आपल्याच गावाजवळ शिकता येतो.

हे काम केवळ प्रयोगशाळेतील पंडितांचे नाही. विहीर खणणारा मजूर, खाणीत दगड फोडणारी स्त्री, बांध घालणारा शेतकरी यांच्या डोळ्यांना पहिला जीवाश्म दिसतो, आणि तो ओळखण्याएवढे शिक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, तर तो त्याच दिवशी खडीत जातो. दगडात पान, शिंपला किंवा कीटकाच्या पंखाचा ठसा दिसला, तर तो फोडू नये वा विकू नये; जागा नीट लक्षात ठेवावी, शक्य असल्यास छायाचित्र घ्यावे आणि जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागाला किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवावे. आणि ज्याने तो प्रथम पाहिला, त्याच्या नावाची नोंद संशोधकांनी आवर्जून करावी. टाकळीच्या भुंगेऱ्यांना हिस्लॉप आणि हंटर यांची नावे मिळाली. उद्या एखाद्या भुंगेऱ्याला खाणीतल्या मजुराचे नाव मिळाले, तर विज्ञानाची प्रतिष्ठा त्याने वाढेलच.