सापडलेलं शिंग कोणाचं?

ट्रेकला गेलं की आपण एक तर सुळक्याकडे बघतो, नाही तर मोबाइलच्या रेंजकडे. कधी तरी मान खाली घालून चाला. भीमाशंकरसारख्या जंगलात पाचोळ्यात काय काय पडलेलं असतं! साळिंदराचा काटा, कुणाचा तरी जबडा आणि नशीब जोरावर असेल तर सांबराचं गळालेलं शिंग.

हो, गळालेलं. सांबर, चितळ, भेकर यांच्या नरांची शिंगं साधारण दरवर्षी गळतात आणि नवी येतात. ती भरीव हाडाची असतात. गव्याचं तसं नाही. त्याची शिंगं जन्मभराची, आत हाड आणि वर आपल्या नखांसारखं कवच. म्हणजे गव्याचं शिंग पडलेलं दिसलं, तर गवा बहुतेक गेला. सांबराचं दिसलं, तर साहेब पलीकडच्या झाडीत मजेत चरत असतील! फक्त शिंगाचं बूड बघा. ते खडबडीत आणि जरा फुगीर असेल, तर शिंग आपोआप गळालंय. कवटीचा तुकडा चिकटलेला असेल, तर गोष्ट वेगळी.

आमच्या ग्रुपला असं एक शिंग दिसलं. आयटीतला मित्र लगेच म्हणाला, ‘‘डेस्कवर काय भारी दिसेल यार! आपण कुठे मारलंय? आपोआप पडलंय.’’ त्याने अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले होते. तिकडे वायोमिंगमधल्या जॅक्सन गावात स्काउटची मुलं एल्कची शिंगं गोळा करतात, मे महिन्यात त्यांचा लिलाव होतो. गावच्या चौकात चक्क शिंगांच्या कमानी आहेत.

सोबतचे गावातले मामा हसले. ‘‘दादा, ठेवा खाली. साळिंदर खातं ते.’’ नीट बघितलं, तर शिंगावर दातांच्या बारीक खाचा होत्या. शिंगात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. साळिंदर, उंदीर ते कुरतडतात, कधी कधी हरणंही चघळतात. आपला शोपीस म्हणजे त्यांचं टॉनिक.

आणि कायदा? वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे वन्यप्राण्याचं शिंग, हाड, दात ही सरकारी मालमत्ता आहे, मग ते आपोआप पडलेलं का असेना. असं काही हाती आलं, तर ४८ तासांत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

‘टू मच’ वाटतंय ना? पण विचार करा. शिंग कापून त्याची सुरीची मूठ किंवा बटण केलं, की ते गळालेलं होतं की मारलेल्या सांबराचं, हे कोण सांगणार? गळालेल्या शिंगाला भाव आला, की ते गळायची वाट न बघणारेही जंगलात शिरतात. तुमच्या डेस्कवरचं एक शिंग बघून अजून चौघं विचारणार, ‘‘कुठे मिळालं रे?’’ गडबड तिथेच सुरू होते.

म्हणून शोधा जरूर, अगदी ट्रेझर हंट करा. शेजारी पेन ठेवून फोटो काढा म्हणजे आकार कळेल. दातांच्या खाचा मोजा, कोणाच्या असतील यावर पैज लावा. फोटो वनरक्षकाला दाखवा. शिंग मात्र होतं तिथेच राहू दे. आज रात्री त्याला गिऱ्हाईक येणार आहे.