हब घेताना पोर्ट मोजू नका

लॅपटॉपला पोर्ट दोन आणि जोडायच्या वस्तू सहा, म्हणून घरात यूएसबी हब येतो. दुकानात आपण त्याचे पोर्ट मोजतो. आम्ही म्हणतो, वीज मोजा. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००. साधा हब तेवढ्यातच सगळ्यांची वाटणी करतो. माऊस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह यांचे त्यात भागते. प्रिंटर तर आपली वीज भिंतीतूनच घेतो.

अडते ते हार्डडिस्कपाशी. आतली चकती फिरू लागताना ती एकटीच बहुतेक सारी वीज ओढते. वीज कमी पडली की टकटक आवाज येतो, डिस्क दिसेनाशी होते. आणि नेमके तेव्हाच मुलीच्या निकाहचे फोटो कॉपी होत असतील तर फाइली खराब होऊ शकतात.

अशा घराने अॅडॅप्टरवाला हब घ्यावा. दुकानदार ‘सात पोर्ट आहेत, भाभी’ म्हणेल. तुम्ही अॅडॅप्टर उलटून आकडा वाचा. ५ व्होल्ट, ४ अँपिअर म्हणजे २० वॅट. त्यात दोन डिस्क आणि बाकीचे किरकोळ सहसा चालून जाते. अॅडॅप्टर हरवला तर घरातला दुसरा कुठलाही, पिन बसते म्हणून, लावू नका. १२ व्होल्टचा असला तर हबसकट डिस्कही जळू शकते.